मशीनखालची ऊब

शिवणकाम करणाऱ्या वहिनी पायाचं मशीन एकाच पायाने चालवायच्या. दुसऱ्या पायावर डोकं टाकून ढब्बू झोपायचा. कुत्र्याची झोप मोडू नये म्हणून वर्षानुवर्षं ही कसरत.

वहिनी बहिणीकडे गेल्या असताना नवऱ्याने परस्पर डॉक्टरांकडे नेऊन त्याला शेवटचं इंजेक्शन देववलं. वहिनी परतल्या, तर मशीनखालची फरशी लख्ख पुसलेली होती.

"म्हातारा झाला होता गं. सुटला बिचारा."

"तो सुटला, की तुम्ही?"

तेव्हापासून घरात बोलणं कामापुरतंच उरलं होतं.

आज दुपारी नवरा म्हणाला, "आता तरी दोन्ही पाय चालव. कामं तुंबलीत."

"तो उठला की चालवीन," सुईत दोरा ओवत त्या म्हणाल्या.

"कोण उठला की?"

वहिनींनी उजव्या पायाने मशीन सुरू केलं. डाव्या पायावर रोजच्यासारखं ऊबदार ओझं होतं, श्वासागणिक हलणारं. पहिल्या दिवशी त्या दचकल्या होत्या. आता पायाला मुंग्या आल्या तरी तो हलवत नसत.

"डोकं फिरलंय तुझं!" नवरा वाकला. मशीनखाली चिंध्यांशिवाय काही नव्हतं. "बघ, आहे का कोणी?"

तेवढ्यात वहिनींचा पाय हलका झाला आणि गार पडला.

"नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "आता इथे नाही."

नवरा दाराकडे वळला आणि थबकला. त्याचा एक पाय फरशीवरून उचलेना. त्याने खाली पाहिलं, मग बायकोकडे.

"अगं," तो कसाबसा म्हणाला, "हा माझ्यावर गुरगुरतोय."