नाक्यावरचा शेवटचा टेक

तलासरीच्या मजूर नाक्यावर एका सायन्स फिक्शन मालिकेचं शूटिंग होतं. असिस्टंट हर्षदा नाक्यावरच्याच एका म्हाताऱ्या मजुराला, सुकऱ्याला, गोष्ट समजावत होती.

"काका, हिरो एकाच दिवसात अडकलाय. झोपून उठला की परत तीच सकाळ. म्हणून तुम्ही दरवेळी अगदी तेच करायचं. टेम्पो येईल, मुकादम तरण्या पोरांना घेऊन जाईल, तुम्ही मागे राहायचं."

"ते जमंल," सुकऱ्या म्हणाला.

टेम्पो नऊ वेळा आला. नऊही वेळा सुकऱ्या घमेलं घेऊन उठला, दोन पावलं पुढे गेला आणि टेम्पो निघून गेल्यावर होता तिथेच येऊन बसला. तसूभरही फरक नाही. डायरेक्टरने कौतुकाने विचारलं, "यांना कुणी शिकवलं?"

"दिवाळीपासून रोज हेच चाललंय," सुकऱ्या म्हणाला.

मग शेवटचा सीन आला. हर्षदा म्हणाली, "हिरो सुटला, दिवस बदलला. आता मुकादम तुम्हालाही हात करेल. टेम्पोत चढायचं."

मुकादमाने हात केला. सुकऱ्या धावतच गेला, टेम्पोत चढला आणि पोरांच्या मधे जागा करून बसला. कट झाला, टाळ्या पडल्या. पोरं उड्या मारून नाश्त्याकडे गेली. टेम्पोत एकटा सुकऱ्या उरला.

"काका, उतरा आता. झालं शूटिंग."

सुकऱ्याने घमेलं पोटाशी धरलं.

"नको ताई. खाली उतरलो की परत तीच सकाळ होईल."