सासरची वाटी

"वाटी लईच हलकी घेतलाव की, पाव्हणं," राजूबाईनं मंगळसूत्रातली माहेरची वाटी दोन बोटांत धरून उजेडाकडं केली. "फुंकर मारली तर उडून जाईल."

भगवानराव ओशाळं हसले. वाटीचे पैसे त्यांनी मघाशीच चुकते केले होते, तूर विकून आलेल्या पट्टीच्या पैशांतून. शेजारी बसलेल्या त्यांच्या लेकीच्या, मंजुश्रीच्या, तळपायाची आग मस्तकात गेली. पण लग्न तोंडावर आलेलं, समोर होणारी सासू. गिळलं तिनं.

औरादच्या त्या दुकानात गुरप्पा सोनारानं काळ्या मण्यांत दोन वाट्या ओवून पुढ्यात ठेवल्या. एक माहेरची, एक सासरची. रीतच आहे ती. माहेरची बापानं घ्यायची; सासरची वाटी, मणी, सर सगळं नवऱ्याकडच्यांनी. राजूबाईनं आपल्याकडची वाटी चांगली ठसठशीत निवडली होती, आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं बोलत होती.

"आमचं काम असंच असतंय बघा. उधारी न्हाई, उसनवारी न्हाई. सून माझ्या लेकाच्या कमाईचं सोनं घालून ठाणाकुशनूरला येणार."

लेकानं, म्हणजे नवरदेव महेशकुमारनं, कॉलर सारखी केली. पाकिटातून कार्ड काढलं आणि पत्त्यांतला एक्का टाकावा तसं काचेवर टाकलं. "मारा, सेठ."

मंजुश्रीनं कार्ड बघितलं आणि लगेच ओळखलं.

कार्डावर नाव महेशकुमारचं, पण खातं तिचं. बिदरला दवाखान्याच्या लॅबमध्ये दिवसभर उभं राहून ती जे कमवायची, त्या पगारावरचं. साखरपुडा झाल्यावर त्यानंच लाडीगोडी लावून, अडीअडचणीला असू दे म्हणून, तिच्या क्रेडिट कार्डाच्या खात्यावर आपल्या नावाचं हे दुसरं कार्ड काढायला लावलं होतं. तो उडवणार आणि बिल हिला येणार. पेट्रोल झालं, बूट झाले, दोस्तांच्या पार्ट्या झाल्या. एक दमडी त्यानं भरली नव्हती. हिनं तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं, कारण जीव लावला होता येडीनं. पण मंगळसूत्र? आपल्याच घामाचं सोनं आपल्याच गळ्यात बांधायचं, आणि वर उपकार कुणाचे, तर ह्यांचे! बाप तिकडं हलक्या वाटीपायी मान खाली घालून बसलाय!

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे कार्ड तर..."

"गप बस. चारचौघांत तमाशा करायलीस काय?" त्यानं तिच्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही.

बरं, बसते गप. मंजुश्रीनं पर्समधून मोबाइल काढला. खातं जिच्या नावानं, तिला दुसरं कार्ड मोबाइलवरून बंद करता येतं. तिनं अंगठा टेकवला.

गुरप्पानं कार्ड मशीनमध्ये घातलं. महेशकुमारनं ऐटीत पिन दाबला. मशीननं नकार दिला. पुन्हा घातलं, पुन्हा नकार.

"तुमचं मशीन बिघडलंय!" राजूबाई कडाडली.

"मशीन बरं हाय, अम्मा. कार्ड बंद हाय म्हणायलंय."

महेशकुमारच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कान लाल झाले. तो मंजुश्रीकडं झुकला आणि दात आवळून म्हणाला, "चालू कर. आत्ताच्या आत्ता."

"कुणाचं हाय ते माझ्या अप्पाला सांगा. मग करते."

"लई शानी झालीस?"

"व्हय, झाले. उशीर झाला जरा."

इकडं भगवानराव उठून उभे राहिले होते. बंडीच्या आतल्या खिशात त्यांचा हात गेला. तुरीचे उरलेले पैसे होते तिथं, मांडवाचे आणि जेवणाचे. "असू द्या, जावई," ते म्हणाले. "मी देतो. तुमचा आब जायला नको."

मग मात्र मंजुश्रीचा बांध फुटला.

"अप्पा, हात काढा खिशातनं! ते कार्ड माझ्या खात्यावरचं हाय. ह्यांची कमाई न्हाई ती, माझा पगार हाय. मीच बंद केलंय. मघापास्नं ज्या वाटीचा गाजावाजा चाललाय ना, ती बी माझ्याच पैशाची!"

तिला वाटलं, आता राजूबाईचं तोंड काळवंडेल. कसलं काय! बाईला आधीपासून सगळं ठाऊक होतं.

"मग? आभाळ कोसळलं काय?" राजूबाई हात नाचवत म्हणाली. "लग्न झालं की हिचा पगार आमच्याच घरात यायचा हाय की! जरा आदी घेतलं तर काय बिघडलं? सोनारापुढं माझ्या लेकाचं नाक कापलीस तू. कर चालू ते!"

"ऐकायलीस न्हवं, आई काय म्हणायलीय?" महेशकुमारनं टेबलावर बोट आपटलं. "कर म्हणलं की करायचं."

मंजुश्रीनं बापाकडं बघितलं. भगवानरावांचा हात अजून खिशातच होता. त्यांनी एकदा जावयाकडं बघितलं, एकदा विहीणबाईकडं. मग हात बाहेर काढला, रिकामा, आणि ते लेकीजवळ येऊन बसले.

"तू सांग, माय," ते म्हणाले. "तू म्हणशील तसं."

तिनं काळ्या मण्यांचा सर उचलून गुरप्पापुढं सरकवला.

"अण्णा, आमची वाटी तेवढी सोडवून द्या."

गुरप्पानं चिमटा हातात घेतला आणि अडखळला. "अन् सासरची, अक्का?"

"कुठलं सासर?" मंजुश्री म्हणाली.