अकरा नंबरचा वर्ग

दोनची घंटा झाली तशी भाग्यलक्ष्मीनं झेरॉक्सच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलं, वही ओढणीखाली धरली आणि रस्ता ओलांडून कॉलेजात शिरली. मालक जेवून, डुलकी काढून तीनला यायचे. तेवढा एक तास ती विद्यार्थिनी होती.

हैदराबादच्या नारायणगुड्यातलं ते जुनं डिग्री कॉलेज. आवारात कडुनिंबाची जाळीदार सावली पसरलेली. पायऱ्यांवर मुली एकमेकींच्या वेण्या घालत बसलेल्या. दोघीजणी एकाच इअरफोनमधून गाणं ऐकत होत्या. कँटीनपाशी एका चहात तिघं बिस्किटं बुडवत होते. भाग्यलक्ष्मी त्यांच्यामधून मुद्दाम सावकाश चालायची. एकदा एका मुलीनं तिला विचारलं होतं, "इंटर्नल कब है रे?" तिनं "नोटीस नहीं लगी अभी" म्हणून सांगितलं होतं. त्या दिवशी दुकानात कागद मोजतानाही ती हसत होती.

इंटर, म्हणजे बारावी, झाल्यावर तिला याच कॉलेजात जागा मिळाली होती. मग आईला अर्धांगवायूचा झटका आला. घर आणि आई सांभाळण्यात दोन वर्षं गेली. आई काठी धरून हिंडूफिरू लागली तोवर जागाही गेली होती. तिनं कॉलेजसमोरच्या दुकानात काम धरलं.

जुलैत ऑफिसात कागदांचा गठ्ठा देऊन परतताना ती उगाच वरच्या मजल्यावर गेली. टोकाच्या अकरा नंबरच्या खोलीचं दार उघडं होतं. आत फळ्यापाशी पांढऱ्या शर्टातले एक सर उभे होते. समोर बाकं सगळी रिकामी.

"उशीर झाला तुला," ते मराठीत म्हणाले. "बस."

ती बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी वही घेऊन गेली.

प्रभाकर सर मराठी शिकवायचे. भाग्यलक्ष्मीच्या घरी मराठीच बोलायचे, अर्धी तेलुगू मिसळलेली. पण शाळेत ती कधी मराठी शिकली नव्हती. वाचताना जोडाक्षरापाशी अडायची. सर थांबायचे. "घाई नक्को," म्हणायचे. "शब्द तिथंच आहे. तू सावकाश पोच." ती पोचली की डोळे मिटून मान हलवायचे. पंखा संथ फिरायचा. खिडकीत कबुतरं घुमायची. धड्यात एक नदी होती, तिच्यावर होडी होती, पलीकडे दिवे होते. दूर काचीगुडा स्टेशनाकडून गाडीचा भोंगा ऐकू आला की भाग्यलक्ष्मीला वाटायचं, ती नदी तिकडेच कुठंतरी आहे. आपण होडीत बसलोय, आणि पलीकडचा काठ हळूहळू जवळ येतोय.

वर्ग सुरू करताना सर रोज रिकाम्या बाकांकडे बघायचे.

"बाकीचे?"

"येतील सर."

कुणी यायचं नाही. कॉलेजातली मुलं दांड्या मारतात हे तिला ठाऊक होतं. सरांसाठी तिला वाईट वाटायचं. आपल्यासाठी बरंही वाटायचं. कुणी आलं असतं तर त्यानं विचारलं असतं, तू कोण?

नोव्हेंबरात एका दुपारी ती एक पान न अडखळता वाचत होती. अगदी शेवटच्या ओळीपर्यंत आली होती. तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं.

ऑफिसातल्या मीना मॅडम होत्या. हातात खोल्यांची यादी, कानावर पेन. परीक्षेला मुलं बसवायला कुठल्या खोल्या रिकाम्या आहेत ते बघत त्या निघाल्या होत्या.

"क्या सर, इधर बैठे आप!" त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर बाकावर गेली. "ये बच्ची कौन है? हमारे रोल पे तो नहीं है ये."

भाग्यलक्ष्मी उठून उभी राहिली. तिचे कान तापले. चार महिने तिनं या प्रश्नाची वाट पाहिली होती, आणि उत्तर काही तयार केलं नव्हतं. सरांकडे बघायची तिची हिंमत होईना.

"मॅडम, सरांना बोलू नका," ती म्हणाली. "मी इथली नाही. समोर झेरॉक्सच्या दुकानात असते. सरांना काहीच माहीत नाही. मीच फसवलं त्यांना."

तिनं वही मिटली. ओढणी सावरली.

"बस खाली," सर म्हणाले.

"सर, मी खरंच..."

"अगं, यंदा मराठी कुणी घेतलीच नाही. जूनमध्ये सेक्शन बंद झाला." सरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला. "तू पहिल्या दिवशी दारात आलीस तेव्हाच मला कळलं, तू कॉलेजची नाहीस." मग ते मीना मॅडमकडे वळले. "मी मार्चमध्येच रिटायर झालो. बाहेर काढायचं तर आम्हा दोघांनाही काढा, मॅडम."

भाग्यलक्ष्मीनं पहिल्यांदाच सरांकडे नीट पाहिलं. ते लाजल्यासारखे हसत होते.

मीना मॅडमनी कानावरचं पेन काढलं, "गियारा नंबर, क्लास चालू," असं पुटपुटत यादीत लिहिलं आणि जाताना दार हलकेच ओढून घेतलं.