ओळख पटली

बस तिला सोडूनच निघून गेली. खिडक्यांतून दोन-चार माणसांनी वळून पाहिलं. सीमेवरच्या नाक्याच्या खोलीतून, बस दिसेनाशी होईपर्यंत, ती काचेतून बघत राहिली.

"हा पासपोर्ट चालणार नाही," अधिकारी म्हणाला. "मुदत कधीच संपलीय. पलीकडच्यांनी तुम्हाला सोडलंच कसं?"

"त्यांना काय, पीडा टळली की झालं."

अधिकारी हसला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, जेवण लांबल्यामुळे जरा कावलेला. पण माणूस वाईट नव्हता. त्याने तिला अडचण नीट समजावून सांगितली. पलीकडच्या चौकीने ती देश सोडून गेल्याचा शिक्का मारला होता, त्यामुळे पूल ओलांडून परत जाण्याची सोय उरली नव्हती. ती इथलीच आहे हे सिद्ध झालं, तर तिला कोणाचा बापही अडवू शकत नव्हता. नाही झालं, तर कोठडी. आणि ती किती दिवस, ते त्यालाही सांगता येत नव्हतं. त्यात फोटोतली मुलगी विशीची, भरल्या गालांची. समोर बसलेली बाई वाळून काटकी झालेली.

"परमुलखात मासे साफ करून कोणी बाळसं धरतं का, साहेब?" ती म्हणाली.

तो घरचं विचारत गेला आणि ती सांगत गेली. पिठाच्या गिरणीमागच्या दोन खोल्या. जिन्याची मोडकी पायरी, जिच्यावर पाहुणे हमखास ठेचकाळायचे. वडील ती लहान असतानाच गेले. आई इस्पितळात नर्स होती. दिवसभर जखमा धुऊन, पट्ट्या बांधून घरी आली की हातांना औषधाचा वास यायचा. थोरला भाऊ इतका घोरायचा, की त्याचं अंथरूण स्वयंपाकघरात टाकावं लागायचं. घरात तिला ठमी म्हणत. ती कुठेही अडखळली नाही.

पासपोर्टवर ओळखखूण लिहिली होती : डाव्या मनगटाच्या वर भाजल्याचा डाग. तो काही म्हणायच्या आत तिने बाही वर सारली. डाग होता. गुलाबी, चकचकीत, इस्त्रीच्या टोकासारखा निमुळता.

"आई कपड्यांना इस्त्री करत होती. मी मध्येच हात घातला. शाळेतसुद्धा जात नव्हते तेव्हा."

अधिकाऱ्याची जवळपास खात्री पटली होती. पण नियम होता. रक्ताच्या नात्यातलं कोणीतरी समोर येऊन ओळख पटवायला हवी.

हे ऐकून ती पहिल्यांदा गडबडली. आई थकली आहे, तिला कशाला एवढी दगदग, म्हणाली. किती वर्षं आपला फोन नाही, पत्र नाही, आता कोणत्या तोंडाने समोर जाऊ, म्हणाली. अधिकाऱ्याला तिची कीव आली. आईच्या पोटात माया असते, ती काही हिशेब मागत नाही, अशी समजूत घालून त्याने पासपोर्टवरच्या पत्त्याच्या भागातल्या पोलीस चौकीला फोन लावला. मग त्याने स्वतःच्या डब्यातलं अर्धं जेवण तिच्यापुढे सरकवलं. तिने घासही घेतला नाही. नुसतं पाणी पीत राहिली.

दुपार कलली तेव्हा गाडी आली. गाडी थोरला भाऊ चालवत होता. आई बारकी होती, पण पाठीचा कणा ताठ. ती दारातच थांबली आणि बराच वेळ बघत राहिली.

"आई," ती उठून म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

आईने चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला. जवळ येऊन तिने तिचा डावा हात हातात घेतला, बाही सारली आणि डागावर अंगठा दाबला. हात आखडून ती किंचित कळवळली. आईने अंगठा काढला आणि दोन्ही हातांनी तिला पोटाशी धरलं.

"ठमे, किती वाळलीस गं."

अधिकाऱ्याने तोंड फिरवलं. मग त्याने विचारलं, ही तुमचीच मुलगी ना?

"माझीच. नऊ महिने पोटात वाढवलीये. मी नाही ओळखणार, तर कोण ओळखणार?"

दारातल्या भावाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. "तू गाडी काढ. ती दमलीय, तिला आता काही विचारू नकोस."

आईने सही केली. पासपोर्ट आपल्या पिशवीत ठेवला आणि अधिकाऱ्याला म्हणाली, तुमचे उपकार फिटायचे नाहीत.

गाडीत दोघी मागे बसल्या. आईने तिचा हात सोडला नव्हता. मागे पूल दिसेनासा झाला आणि तिच्या जिवात जीव आला. घर अजून तसंच आहे का, तिने विचारलं. तसंच आहे, आई म्हणाली. जिना? जिनाही तसाच. तिने सीटवर डोकं टेकवलं आणि डोळे मिटले.

खडखडाटाने तिला जाग आली. गाडी डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटेला लागली होती. दोन्ही बाजूंना दगडाच्या बंद पडलेल्या खाणी. माणूस नाही, कुत्रं नाही. भावाने गाडी थांबवली, उतरला आणि तिच्या बाजूच्या दाराला पाठ लावून उभा राहिला.

आईची पकड आता मनगटात रुतत होती. आवाज मात्र तसाच मऊ होता.

"तिथे खरं बोलले असते, तर त्यांनी तुला माझ्या हाती दिलं नसतं," ती म्हणाली. "आता सांग. माझी ठमी कुठे आहे?"