हिऱ्यांमधली हळद

खनिजांवर संशोधन करणारी दामिनी सुट्टीत आमगावला आली ती पदार्थ प्रचंड दाबाखाली तपासायचं मुठीएवढं यंत्र घेऊनच. त्यातल्या दोन हिऱ्यांमध्ये तिनं लेड क्रोमेट हे शिशाचं पिवळं रसायन दाबलं, तशी स्फटिकांची मांडणी बदलून ते सूक्ष्मदर्शकाखाली लालभडक झालं. आई हरखलीच. “आता माही हळद दाबून दाखव वो!” दामिनीनं हसत स्वयंपाकघरातली कणभर हळद घातली आणि स्क्रू आवळला. हळदीत विखुरलेले पिवळे स्फटिक डोळ्यांदेखत लाल होऊ लागले. म्हणजे हेही लेड क्रोमेटच! शिशाचं हे विष कुणीतरी रंगासाठी त्यात मिसळलं होतं. “आई, ही घरची हळद ना?” “नाही वो. घरची मळकट दिसते, ते आपल्याले. सुनेले दिवस गेले तवापासून तिच्या दुधात बजारातली पिवळीधमक टाकून राहिली मी.” सात महिन्यांची पोटुशी वहिनी दारात उभी होती, हातात रिकामा पेला, ओठांवर पिवळी मिशी.