दारातलं पायपुसणं

"काका, न्हाणीघराच्या दारातलं ते पायपुसणं उचला म्हणून किती वेळा सांगू? घसरलात तर पायासोबत कंबरही माझ्याच गळ्यात पडेल," पायाची पट्टी सोडता सोडता नर्स म्हणाली.

"असू द्या हो सिस्टर. हिला दारात लागतं ते."

काकू त्याच पायपुसण्यावरून घसरून पडून वारल्या होत्या, आणि तेव्हापासून घरात काका एकटेच होते.

पट्टी कोरडी ठणठणीत निघाली. जखम छान भरत आली होती.

"शहाण्यासारखं वागलात. पाण्याचा थेंब लागू दिला नाहीत."

"पाणी कुठलं लागतंय? तुम्ही बजावल्यापासून न्हाणीघरात पाऊल टाकलेलं नाही. इथेच पलंगावर बसून अंग पुसून घेतो."

नवी पट्टी बांधून झाल्यावर नर्सने स्वतःच जाऊन पायपुसणं उचललं. ते ओलंचिंब होतं.

ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग पायपुसणं पिळून तिने दांडीवर टाकलं आणि न्हाणीघराच्या बंद दाराशी वाकून हळूच म्हणाली,

"काकू, अंघोळ झाली की हे वाळत घालत जा हं. काका पडायला नकोत."