गोदामातलं वाचनालय

आजही पोरं वाचनालयासमोरून सरळ पुढे गेली. नवसू गुरुजी दारातून पाहत होते. पोरांच्या मागून बायका गेल्या, मग काठी टेकत म्हातारी माणसंही. सगळी सोसायटीच्या रिकाम्या गोदामाकडे. तिथे गेल्या दिवाळीपासून चंद्रकला बसत होती. दारावर कुणीतरी कोळशाने ‘वाचनालय’ लिहिलं होतं.

तो शब्द गुरुजींना फार टोचला.

टोकावड्याच्या अलीकडच्या या गावात वाचनालय उभं केलं ते त्यांनी. एक्याण्णव साली निवृत्त झाले आणि मुरबाडहून पुस्तकांची खोकी एसटीच्या टपावर टाकून आणली. ग्रामपंचायतीची खोली मिळवली, स्वतः सारवली. पुस्तक मनातल्या मनात वाचायचं, ओठ हलवायचे नाहीत, हे मुलांना न रागावता शिकवलं. खोलीत फक्त पान उलटल्याचा आवाज आला की त्यांना भरून पावल्यासारखं वाटे.

चंद्रकला गावची सून, दहावी झालेली. एकदा ती या खोलीत मोठ्याने वाचू लागली, तेव्हा गुरुजींनी तिला सौम्य शब्दांत थांबवलं होतं. ती हसून उठली, ती पुन्हा बसायला आली नाही. गोदाम तिने त्याच रागातून उघडलं, असं गुरुजींनी मनाशी पक्कं केलं.

पुस्तकं इथूनही जात होती. पण माणूस पुस्तक घेई आणि लगेच निघे. बसा म्हटलं तर घरी काम आहे म्हणे. म्हातारी बाईजासुद्धा नातीसाठी म्हणून पुस्तक न्यायची आणि उंबऱ्यातूनच परतायची. चटया रिकाम्या राहत. गोदामातून हसणं ऐकू आलं की गुरुजी खिडकी लावून घेत.

बाईजाच्या नातीला, भूमिकाला, त्यांनी सहज विचारून पाहिलं. तिथं लय मजा येते, एवढंच ती म्हणाली. चंद्रकलेचा भाऊ वाशिंदच्या कारखान्यात होता. तोच शहरातून रंगीत पुस्तकं पाठवत असणार. गुरुजी मुरबाडला जाऊन नवी पुस्तकं घेऊन आले. तीही भराभर गेली, चटया मात्र तशाच.

भिमा त्यांचा लहानपणापासूनचा सोबती. तो म्हणाला, “नवसू, एकदा चल तं खरा. बघ तरी.”

“मी कशाला जाऊ? मला काय पुस्तकांची कमी आहे?”

भिमा हसला आणि गोदामाकडे निघून गेला. तेही त्यांना लागलं.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा गुरुजी सोसायटीच्या चेअरमनना भेटले. गोदाम असताना खताच्या गोण्या उघड्यावर का, एवढंच त्यांनी विचारलं. चंद्रकलेचं नावही काढलं नाही. दोन दिवसांत गोदामात गोण्या लागल्या आणि दाराला कुलूप. चंद्रकलेने सतरंजी गुंडाळली आणि ती घरी गेली.

गुरुजींनी त्या दुपारी कपाटातला एक कप्पा रिकामा केला. तिची पुस्तकं इथे मांडू, वर तिचं नावही लिहू. त्यांना एकदम हलकं वाटलं. चटया झटकून अंथरल्या आणि ते दारात उभे राहिले.

संध्याकाळी माणसं आली. इतकी एका वेळी कधीच आली नव्हती. बायका, म्हातारे, पोरं, सगळ्यांच्या हातात एकेक पुस्तक. टेबलावर ठेवायची आणि मागे वळायची. बसलं कुणीच नाही. दुसरं पुस्तकही कुणी मागितलं नाही.

बाईजा सर्वांत शेवटी आली. गुरुजींनी तिला थांबवलं. चंद्रकला तिची पुस्तकं कधी आणून देणार, असं विचारलं.

“तिची कुठली पुस्तकं, गुरुजी?” बाईजा म्हणाली. “तिथं एक पुस्तक नव्हतं. आमी तुमचीच न्यायचो, ती वाचून दावायची. आता घरी नेऊन काय करू? मला वाचाया कुठं येतं?”